कामावरील अपघात, अपंगत्वाची भरपाई आणि थकबाकी : काही नेहमीचे प्रश्न

तापी नदी खानदेशातून वाहत जाऊन सुरतेपुढे समुद्रास मिळते. तिच्या मुखाशी असलेल्या हजीरा येथे १९८० नंतर खत, नैसर्गिक वायू, पोलाद व अवजड यंत्रसामग्रीचे मोठे कारखाने उभे राहिले. जळगाव, धुळे व नंदुरबार भागांतील अनेक कुटुंबे रोजगारासाठी सुरत परिसरात राहतात. त्यांतील काही कामगार या औद्योगिक पट्ट्यात, पुष्कळदा ठेकेदाराकडे, काम करतात. अपघातात हात, पाय वा डोळा गमावलेला कामगार गावी परतला की कारखान्याबरोबर आपला हक्कही मागे राहिला, अशी त्याची समजूत होते. ही समजूत चुकीची आहे. भरपाईचा हक्क अपघाताच्या दिवशीच उत्पन्न होतो व निर्णयास विलंब लागला म्हणून तो बुडत नाही. मात्र तो वेळेत मागावा लागतो व कागदांनी सिद्ध करावा लागतो. या संबंधात नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे पुढे दिली आहेत.

प्रश्न : कोणता कायदा लागू होतो?

उत्तर : सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. तत्पूर्वी १९२३ चा कर्मचारी भरपाई कायदा व १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा लागू होते. त्या काळातील अपघातांतून निर्माण झालेल्या हक्कांचा विचार जुन्या कायद्यांप्रमाणेच होतो. कामगार विमाधारक असल्यास त्याने विमा महामंडळाकडे मागणी करावयाची असते. विमा लागू नसल्यास भरपाईची जबाबदारी मालकावर येते.

प्रश्न : विमाधारक कामगारास थकबाकी कशी मिळते?

उत्तर : तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात मजुरीच्या ९० टक्के दराने लाभ देण्यात येतो. अपंगत्व कायमचे राहिल्यास वैद्यकीय मंडळ कमावण्याच्या क्षमतेत किती टक्के घट झाली हे ठरविते व त्या प्रमाणात आजन्म लाभ मिळतो. हा लाभ मंडळाच्या निर्णयाच्या तारखेपासून नव्हे, तर तात्पुरता लाभ थांबला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून देय असतो. त्यामुळे मंडळापुढे जाण्यास काही महिने लागले, तर त्या महिन्यांची रक्कम थकबाकी म्हणून मिळते.

प्रश्न : विमा लागू नसल्यास हिशेब कसा होतो?

उत्तर : एक उदाहरण घेऊ. समजा, ३० वर्षे वयाच्या एका जोडारीचा अंगठा २०२२ साली यंत्रात तुटला व विम्याच्या वेतनमर्यादेपेक्षा पगार अधिक असल्याने त्याला विमा लागू नव्हता. १९२३ च्या कायद्याखालील हिशेबासाठी केंद्र शासनाने ३ जानेवारी २०२० पासून मासिक वेतन १५,००० रुपये ठरविले होते. त्याचे ६० टक्के म्हणजे ९,००० रुपये. वयाच्या तिसाव्या वर्षाचा गुणक २०७.९८ असल्याने संपूर्ण अपंगत्वाची रक्कम १८,७१,८२० रुपये होते. कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गमावल्यास ३० टक्के घट धरली आहे. म्हणून देय रक्कम ५,६१,५४६ रुपये ठरते.

प्रश्न : मालकाने पैसे देण्यास विलंब केल्यास काय?

उत्तर : रक्कम देय झाल्यापासून एक महिन्यात न दिल्यास १९२३ च्या कायद्याने दरसाल १२ टक्के सरळ व्याज लागू होते. वरील उदाहरणात हे व्याज एका वर्षास सुमारे ६७,३८५ रुपये, म्हणजे तीन वर्षांस दोन लाखांहून अधिक होते. विलंबास सबळ कारण नसेल, तर भरपाईच्या ५० टक्क्यांपर्यंत दंडही होऊ शकतो. आयुक्तांचा निकाल लागेपर्यंत रक्कम देय होतच नाही, हा मालकपक्षाचा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली प्रताप नारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास सबाता या प्रकरणात अमान्य केला. मालकाचे दायित्व इजा झाल्याच्या दिवसापासूनच सुरू होते, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

प्रश्न : अपंगत्वाच्या दाखल्यावरील टक्के आणि भरपाईचे टक्के एकच असतात काय?

उत्तर : नाही. दाखला शरीराची हानी सांगतो. भरपाईसाठी कमावण्याच्या क्षमतेची हानी पाहिली जाते. वरील प्रकरणातील कामगार सुतार होता. त्याचा डावा हात कोपराच्या वर तोडावा लागला. एका हाताने सुतारकाम होऊ शकत नाही, म्हणून त्याची हानी १०० टक्के धरण्यात आली. आपण नेमके कोणते काम करीत होतो, हे अर्जात स्पष्ट लिहिणे म्हणूनच आवश्यक आहे.

प्रश्न : ठेकेदार नाहीसा झाला किंवा त्याने हात वर केले तर?

उत्तर : ज्याच्या कारखान्याचे काम ठेकेदारामार्फत चालले होते, त्या मुख्य मालकाकडून भरपाई मागता येते. ती ठेकेदाराकडून वसूल करणे हे पुढे मालकाचे काम आहे. थोडी रक्कम देऊन ‘यापुढे माझा हक्क नाही’ असे लिहून घेतले असले, तरी हक्क सोडून देणारा असा करार कायद्याने निरर्थक ठरतो. तथापि कोऱ्या कागदावर सही वा अंगठा कधीही देऊ नये.

प्रश्न : अर्जासाठी पुन्हा सुरतेस जावे लागते काय?

उत्तर : नाही. १९९५ च्या दुरुस्तीपासून अपघात घडला त्या ठिकाणाप्रमाणेच कामगार वा त्याचे वारस राहतात त्या क्षेत्रातील आयुक्तांकडेही मागणी दाखल करण्याची सोय झाली. जुन्या कायद्यात अपघातापासून दोन वर्षांची मुदत होती. सबळ कारण असल्यास विलंब माफ होऊ शके, परंतु त्यावर विसंबून राहणे हिताचे नाही. औद्योगिक कामगार व अपंग व्यक्ती यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो.

प्रश्न : कोणते कागद जपावेत?

उत्तर : हजेरीपत्रक वा प्रवेशपत्र, पगाराची पावती किंवा बँकेचे खातेपुस्तक, विमा क्रमांक, अपघाताच्या नोंदीची प्रत, रुग्णालयाची सर्व कागदपत्रे, वयाचा दाखला आणि सोबत काम करणाऱ्या दोघांची नावे व पत्ते. मालकास अपघाताची लेखी सूचना शक्य तितक्या लवकर द्यावी व तिची पोच घ्यावी.

खेड्यातील पुष्कळ कुटुंबांना हे कागद वाचून दाखविणारे कोणी नसते. शिक्षक, सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी यांनी परगावाहून जखमी होऊन परतलेल्या प्रत्येक कामगाराकडे अपघाताची तारीख विचारून ती कागदावर उतरवून ठेवावी आणि त्याला अर्ज करण्यास साह्य करावे. भरपाई, व्याज व थकबाकी यांचा सारा हिशेब त्या एका तारखेपासून सुरू होतो.