संकेतस्थळाचा धंदा : हिशेब तासांचा आणि माणसांचा

आपल्या वस्त्यांमधून डी.टी.पी.ची दुकाने चालविणारे अनेक तरुण संकेतस्थळे बनविण्याच्या कामाकडे वळले आहेत. एक खोली, दोन-तीन संगणक, इंटरनेटची जोडणी आणि एक इन्व्हर्टर एवढ्यावर काम सुरू होते. लग्नपत्रिका आणि हँडबिले जुळविणाऱ्याला अक्षरांची व रंगांची समज असतेच. परंतु छपाईच्या धंद्याची सवय इथे घात करते. पत्रिका छापून गिऱ्हाइकाच्या हाती गेली की व्यवहार संपतो. संकेतस्थळ मात्र सुरू झाले म्हणजे व्यवहाराला खरी सुरुवात होते. शिवाय इथे कागद नाही, शाई नाही. कच्चा माल एकच आणि तो म्हणजे कारागिराचा वेळ. तो कागदाच्या रिमासारखा कपाटात मोजता येत नाही, म्हणून बहुतेक जण तो मोजतच नाहीत. आम्हीही सुरुवातीची तीन वर्षे मोजला नव्हता.

हिशेब असा करावा. समजा, एका कारागिराला महिना १८,००० रुपये पगार आहे. महिन्याचे कामाचे दिवस २५ आणि रोजचे आठ तास धरले तर २०० तास होतात. पण फोन, गिऱ्हाइकाशी बोलणे, वीज जाणे, नवीन गोष्ट शिकणे हे सर्व वजा जाता बिलात लावता येतील असे १२० तासच हाती येतात, असा आमचा अनुभव आहे. म्हणजे तासाला पगारच १५० रुपये पडला. भाडे, वीज, इंटरनेट मिळून १२,००० रुपये खर्च असेल आणि कारागीर दोन असतील, तर २४० तासांवर तो वाटून तासाला ५० रुपये येतात. एकूण २०० रुपये. यात मालकाचा स्वतःचा पगार अजून धरलेलाच नाही!

आता पाच-सहा पानांच्या संकेतस्थळाला ६० तास लागतील असा अंदाज करून आपण १५,००० रुपये सांगितले. खर्च १२,०००, शिल्लक ३,०००. इथपर्यंत ठीक. मग गिऱ्हाईक म्हणते, हा रंग जरा बदला, हा फोटो वर घ्या, आमच्या मेहुण्यांना पहिलाच नमुना बरा वाटत होता. मजकूर जुन्या डी.टी.पी. फाँटमधला असतो. तो युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरे तुटतात, वेलांट्या जागा सोडतात आणि ओळन् ओळ डोळ्यांनी तपासावी लागते. हे काम अंदाजपत्रकात कुणीच धरत नाही. असे ३० तास वाढले की ६,००० रुपये गेले आणि शिलकीच्या जागी ३,००० रुपयांचा तोटा आला.

गंमत अशी की हा तोटा आमच्या वहीत कधी दिसला नाही. कारण ते ३० तास आमच्याकडील मुलाने रात्री अकरापर्यंत बसून आणि रविवारी येऊन भरून काढले होते, जादा पैसे न घेता. गिऱ्हाइकाला आम्ही मोठ्या मनाने दिलेली सवलत त्याच्या खिशातून गेली होती. काम पूर्ण करून घेऊन मजुरी न देणाऱ्याविरुद्ध कियामतच्या दिवशी स्वतः अल्लाह उभा राहील, अशा अर्थाची हदीस सहीह बुखारीत आहे. ती आम्ही अनेकदा ऐकली होती, पण ती वीटभट्टीच्या मालकांसाठी आहे असे आम्हाला वाटत असावे.

त्यातच एका मोठ्या गिऱ्हाइकाने पाच महिने पैसे थकविले आणि आमच्याकडील पगार दोन वेळा वीस तारखेच्या पुढे गेले. मुलगा भांडला नाही. दुसरीकडे नोकरी पाहून निघून गेला. त्यानंतर कळले की सोळा गिऱ्हाइकांच्या नावांची नोंदणी, सर्व्हरचे पासवर्ड, कुठल्या पानात काय जोडले आहे, हे सर्व त्याच्याच डोक्यात आणि त्याच्याच ई-मेलवर होते. एका दुकानदाराचे नाव नूतनीकरणावाचून रद्द झाले. डॉट कॉम नाव रद्द झाल्यावर ते सोडवून घेण्यास तीस दिवसांची मुदत असते, पण त्यासाठी नेहमीच्या शुल्काच्या कितीतरी पट रक्कम भरावी लागते. ती आम्ही भरली. त्या मुलाला फोन केला तेव्हा त्याने अर्ध्या तासात सर्व माहिती दिली, हा त्याचा चांगुलपणा. त्याचा राहिलेला पगार मात्र तोवर आम्ही दिलेला नव्हता.

मजुराचा घाम वाळण्यापूर्वी त्याची मजुरी देण्याची प्रेषित (स.) यांची ताकीद इब्ने माजा यांच्या संग्रहात आहे. देशाचा कायदाही याबाबत स्पष्ट आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेप्रमाणे मासिक पगार पुढील महिन्याच्या सात तारखेपर्यंत द्यावा लागतो आणि नोकरी सोडणाऱ्याचा हिशेब कामाच्या दोन दिवसांत चुकता करावा लागतो. गिऱ्हाइकाने पैसे दिले नाहीत, ही सबब तिथे चालत नाही.

मग गिऱ्हाइकाकडून पैसे वेळेवर कसे येतील? उद्यम नोंदणी करून घ्यावी, ती विनामूल्य आहे. २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून आयकराचा नियम असा झाला आहे की ही मुदत चुकविणाऱ्या खरेदीदाराला त्या खर्चाची वजावट प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच मिळते. मार्चमध्ये याची एका ओळीची आठवण पाठविली की हिशेबनीस स्वतःच धावपळ करतात. कायद्यात उशिराबद्दल चक्रवाढ व्याजही आहे. ते आम्ही मागत नाही, आम्हाला मुद्दल वेळेवर हवे.

सूरह बकराने देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्यास सांगितले आहे. आपण मात्र ओळखीच्या माणसाकडे कागद मागायला लाजतो. आम्ही आता एक पान लिहून घेतो : किती पाने, मजकूर कोण देणार, दुरुस्त्या दोनदा विनामूल्य, तिसऱ्यांदा तासाच्या दराने. चाळीस टक्के रक्कम आधी. त्यामुळे कर्जाकडे पाहावे लागत नाही. नावाची नोंदणी गिऱ्हाइकाच्याच नावे व त्याच्याच ई-मेलवर होते. पासवर्ड आणि नूतनीकरणाच्या तारखा कार्यालयाच्या नोंदीत राहतात. यात कारागिरावर अविश्वास नाही. उलट सुट्टीवर गेलेल्या माणसाला लग्नाच्या मांडवात फोन येत नाही.

घरी बसून काम करणाऱ्या मुलींविषयी थोडे लिहिणे भाग आहे. आपल्याकडे शिकलेल्या अनेक मुली हे काम घरून उत्तम करतात आणि अनेक दुकानदार त्यांना अर्ध्या दरात राबवितात. कारण सांगतात की तिला घर चालवायचे नाही. समान कामाला स्त्री-पुरुषांचा वेगळा दर लावण्यास १९७६ पासून कायद्याने मनाई आहे आणि वेतन संहितेनेही ती कायम ठेवली आहे. आमच्याकडे अशा दोघी आहेत. युनिकोडची तपासणी त्यांच्याइतकी नेटकी कुणाची होत नाही, आणि त्यांचा दर तासाच्या त्याच वहीतून निघतो.

ही वही म्हणजे साधे शंभर पानी रजिस्टर आहे. प्रत्येक जण जाताना त्यात कामाचे नाव आणि तास लिहितो. दर शनिवारी आम्ही बेरीज करतो आणि अंदाजापेक्षा तास वाढले असतील तर सोमवारी गिऱ्हाइकाला फोन जातो. अलीकडे तो फोन करण्याचे काम आम्ही कारागिरांकडेच दिले आहे. आमच्यापेक्षा ते अधिक स्पष्ट बोलतात.