वारीतली झोप घरी का येत नाही?

परमार्थाच्या मासिकात झोपेवर लेख कशाला, असे कोणी म्हणेल. आमच्या संप्रदायात झोपेची बाजू घेणारा तसा कोणी नाहीच. कीर्तनात डुलकी लागली की शेजारचा टाळकरी कोपराने ढोसतो, आणि आळशी झोपेची निंदा संतवाङ्मयात ठिकठिकाणी आहे. त्यामुळे ‘मला झोप येत नाही’ हे बोलायला माळकरी मनुष्य लाजतो, आणि ‘मला झोप पुरत नाही’ म्हणायला तर त्याहून जास्त. परंतु मंदिराच्या ओट्यावर साठी ओलांडलेली चार माणसे बसली की गुडघ्यांच्या खालोखाल विषय निघतो तो झोपेचाच. कोणी रात्री दोनला उठून बसतो, कोणी गोळी घेतल्याशिवाय आडवा होत नाही. म्हणून हे चार शब्द.

पहिल्याने एक शंका दूर करू. गीतेच्या सहाव्या अध्यायात योग कोणाला साधत नाही हे सांगताना भगवंतांनी फार झोपणारा आणि फार जागणारा, दोघांनाही एकाच पंगतीला बसवले आहे. ज्ञानेश्वरीत माउलींनी तो भाग चांगला उलगडून सांगितला आहे. चरकसंहितेत आहार, निद्रा व ब्रह्मचर्य हे देहाचे तीन उपस्तंभ म्हटले आहेत. उपस्तंभ म्हणजे टेकू. तुळईखालचा टेकू काढला तर घर लगेच पडत नाही, पण वाकू लागते. तेव्हा झोप हा परमार्थातला अडथळा नव्हे. सर्वसाधारण मोठ्या माणसाला रोज सात तास तरी झोप लागते, हे आजचे वैद्यकशास्त्रही सांगते.

आता वारकऱ्याचीच गोष्ट घ्या. पालखीबरोबर चालणारा मनुष्य कुठे झोपतो? राहुटीत, नाहीतर शाळेच्या व्हरांड्यात. खाली प्लास्टिकचा कागद, त्यावर वाकळ, उशाला पिशवी. आजूबाजूला दोघेतिघे घोरणारे, बाहेर पाण्याच्या टँकरची घरघर, आणि पाऊस आला तर खालून ओल. तरी पाठ टेकली की झोप! तोच मनुष्य आषाढी करून घरी येतो, पंख्याखाली गादीवर पडतो, आणि महिनाभरात पुन्हा रात्री बारापर्यंत आढ्याकडे बघत राहतो. हे काय गौडबंगाल आहे? कोणी म्हणतात, माउलींची कृपा. कृपा आहेच, त्यावर आम्ही वाद घालणार नाही. पण वारीत दिवसाची जी घडी बसलेली असते ती घरी आल्यावर आपणच मोडतो, हेही तितकेच खरे.

ती घडी कशी असते ते सर्वांना ठाऊक आहे. पहाटे तीन-चारला उठणे, गार पाण्याने आंघोळ, उजाडायच्या सुमारास रस्त्याला लागणे, आणि मग दिवसभर उघड्या आकाशाखाली चालणे. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट. त्यात दिवेघाट चढून सासवड गाठायची मजल ३० किलोमीटरच्या पुढे जाते. दुपारी विसाव्याला जेवण आणि घटकाभर पाठ टेकणे. संध्याकाळी तळावर समाजआरती. चोपदाराचा दंड वर गेला की हजारो माणसांचा गलका त्या क्षणी थांबतो. मग जेवण, हरिपाठ-कीर्तन आणि झोप. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

शरीरातही झोपेची व्यवस्था दोघांकडे असते असे समजा. एक हिशेबनीस आणि एक चोपदार. हिशेबनीस काय करतो? आपण जितका वेळ जागे राहू, श्रम करू, तितके ‘ॲडेनोसिन’ नावाचे द्रव्य मेंदूत साठत जाते. ते जितके जास्त तितकी झोपेची ओढ जास्त. झोपेत हा साठा उतरतो. चोपदार म्हणजे मेंदूतले घड्याळ. केव्हा उठायचे, केव्हा निजायचे, याचा दंड तो उचलतो. हे घड्याळ सर्व जीवांत आहे. १७२९ साली फ्रान्समध्ये द मेरां नावाच्या शास्त्रज्ञाने लाजाळूचे रोप अंधारात ठेवून पाहिले. ऊन नसतानाही त्याची पाने ठरल्या वेळी उघडत आणि मिटत राहिली. अलीकडे २०१७ साली हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघा अमेरिकी शास्त्रज्ञांना या घड्याळाची पेशींतली रचना उलगडल्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाचे हे घड्याळ बहुधा चोवीस तासांहून थोडे मागे पडत जाते. सकाळचा उजेड डोळ्यांना लागला की ते जुळून येते.

वारीत या दोघांचीही सोय आपोआप होते. चालण्याने हिशेब भरतो, पहाटेच्या उजेडाने चोपदार वेळेवर राहतो. घरी काय होते? सकाळी आठपर्यंत पडून राहायचे, कारण रात्री झोप नाही. मग दिवसभर घरात नाहीतर दुकानात. दुपारी जेवून दोन-अडीच तास ताणून द्यायची. चार वाजता चहा, सहाला पाहुणा आला म्हणून पुन्हा चहा. रात्री दहाला जेवण. आणि मग तक्रार, ‘झोप येत नाही हो बुवा!’ येईल कशी? हिशेब अर्धा भरलेला, चोपदार गोंधळलेला.

म्हणून झोपेचा उपाय रात्री शोधू नये, सकाळी शोधावा. रात्र कशीही गेली असली तरी उठायची वेळ एकच ठेवावी. हा नियम सगळ्यांत कठीण आणि सगळ्यांत गुणाचा. कोजागरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत गावोगाव काकडा चालतो. जो नेमाने काकड्याला जातो त्याला रात्री नऊ-साडेनऊला आपोआप पेंग येऊ लागते, हा अनुभव पुष्कळांना आहे. काकडा संपला तरी ती उठण्याची वेळ मोडू नये. उठल्यावर उजेडात अर्धा-पाऊण तास चालावे. शेताकडे जा, नाहीतर गावाबाहेरच्या मारुतीला जा. दुपारची झोप चरकांनी उन्हाळ्यात मोकळी ठेवली आहे, इतर दिवसांत नव्हे. आम्ही म्हणतो, वयस्करांनी घ्यावी, पण अर्धा तास, आणि तीनच्या आत.

चहाबद्दल थोडे स्पष्टच बोलायला हवे. आपण मद्यमांस सोडले, काहींनी कांदा-लसूणही सोडला. चहा मात्र देवाच्या प्रसादासारखा चालतो. एकादशीला तर विचारू नका. पोटात अन्न नाही म्हणून दिवसभरात सहा-सात कप! चहातले कॅफीन त्या ॲडेनोसिनच्या जागा अडवून बसते, म्हणून तरतरी वाटते. साठा कमी होत नाही, फक्त निरोप पोचत नाही. आणि कॅफीन अंगातून अर्धे उतरायला साधारण पाच तास घेते. संध्याकाळी पाचच्या चहातले जवळजवळ अर्धे रात्री दहाला अंगातच असते. दुपारी दोननंतर चहा बंद करून पंधरा दिवस पाहावे. तंबाखू आणि मिशरीही याच जातीच्या. आयाबायांना वाटते मिशरीने डोके शांत होते. प्रत्यक्षात त्यातले निकोटीन झोप उडवते.

रात्रीचे जेवण निजण्याआधी दोन-तीन तास व्हावे आणि हलके असावे. फराळ म्हणून रात्री साबुदाण्याची खिचडी आणि तळलेल्या बटाट्यांवर आडवा हात मारला तर पोट जागे राहणारच. लघवीला वारंवार उठावे लागत असेल तर निजण्यापूर्वीच्या दोन तासांत पाणी बेताने प्यावे. दिवसा भरपूर प्यावे.

आता मोबाइल. ‘आम्ही कीर्तनच तर ऐकतो’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. ऐका, जरूर ऐका. पण अंथरुणात तोंडावर उजेड धरून एकामागून एक बुवा पाहत बसणे हे श्रवण नव्हे. तो उजेड चोपदाराला सांगतो की अजून दिवस आहे. एक कीर्तन लावावे, मोबाइल पालथा घालून दूर ठेवावा, आणि संपल्यावर दुसरे लावू नये.

आजीच्या काळातला पायांचा उपचार आम्हांला फार आवडतो. निजण्यापूर्वी दहा मिनिटे पाय कोमट पाण्यात ठेवावेत, पुसून तेल लावावे, कोणी घरात असेल तर त्याने काशाच्या वाटीने तळवे घासावेत. यात जादू नाही. पाय गरम झाले की कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आतली उष्णता बाहेर पडते, आणि शरीर आतून किंचित निवले की झोप लागते. मधुमेहाच्या माणसाने मात्र पाणी हाताच्या कोपराने तपासून मगच पाय बुडवावेत. पायांची संवेदना कमी झालेली असते, पोळलेले कळत नाही. दुधात जायफळ घालण्याचीही चाल आहे. घालायचे तर नावाला, चिमटीभराच्या आत. ‘आणखी घातले तर आणखी झोप’ हा हिशेब इथे चालत नाही. जास्त जायफळाने ओकारी येते, छाती धडधडते, माणूस भ्रमिष्टासारखा बोलू लागतो.

इतके करूनही एखाद्या रात्री झोप येत नाही. तेव्हा कुशी बदलत पडू नये, घड्याळ बघू नये. उठून मंद दिव्यात बसावे, माळ हाती घ्यावी, पेंग आली की पुन्हा पडावे. नाम झोपेचे औषध म्हणून घेऊ नये. पण नाम घेता घेता झोप लागली तर दोष मानून पुन्हा उठून बसण्याचेही कारण नाही.

काही झोपमोड मात्र घरच्या उपायाची नसते. जो फार घोरतो, घोरता घोरता ज्याचा श्वास काही क्षण थांबतो आणि मग दचकून हुंदक्यासारखा परत येतो, आणि जो दिवसा बसल्या जागी पेंगतो, त्याला गाढ झोपेचा म्हणून हसू नये. तो आजार आहे, त्याने रक्तदाब वाढतो, आणि त्यावर उपचार आहेत. महिनोन्‌महिने पहाटे जाग येऊन मन खिन्न राहत असेल तरी डॉक्टरांकडे जावे. शेजाऱ्याची झोपेची गोळी आपण घेऊ नये. म्हातारपणी त्या गोळीने रात्री तोल जाऊन खुबा मोडतो. आणि पुष्कळ दिवस चालू असलेली गोळी आमचा हा लेख वाचून एकदम बंदही करू नये. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावयाची असते.

राहिला जागर. एकादशीचा जागर सोडा असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. पण संप्रदायाने जागराबरोबर विश्रांतीचीही योजना केली आहे, ती आपण विसरतो. पंढरपुरात आषाढी-कार्तिकीच्या आधी देवाचा पलंग निघतो. पाठीला लोड देऊन देव रात्रंदिवस भक्तांसाठी उभा राहतो. पुढे प्रक्षाळपूजा होते. लिंबू-साखर लावून देवाचा शिणवटा काढतात, रात्री काढा दाखवतात, पलंग परत येतो आणि शेजारती सुरू होते. तसेच सप्ताहात पाहा. वीणा सात दिवस खाली ठेवायची नाही, पण म्हणून एकाच माणसाने सात दिवस उभे राहायचे असे नाही. पहाऱ्याच्या पाळ्या लावलेल्या असतात.

या पाळ्यांत एक वर्ग मात्र कधी येत नाही, तो म्हणजे स्वयंपाकघरातल्या बाया. रात्रीच्या कीर्तनानंतर भांडी आवरून त्या बाराला टेकतात, आणि काकड्याला सगळ्यांच्या आधी चूल पेटवायला उठतात. सात दिवसांनी त्यांची अंगे आंबून जातात आणि कोणी विचारत नाही. वीणेला जशी पाळी, तशी चुलीलाही लावावी, आणि पुरुषांनी भांड्यांना हात लावायला हरकत काय आहे?

शेवटची सूचना टेम्पो-जीपवाल्यांसाठी. जागर आटोपला की मंडळी रात्रीच गावी निघतात, कारण सकाळी धारा काढायच्या असतात. सलग सतरा-अठरा तास जागलेल्या माणसाचे हात आणि नजर थोडी दारू प्यालेल्या माणसासारखी मंदावते, हे चाचण्यांतून दिसून आले आहे. चोवीस तास झाले की त्याहून वाईट. डोळ्यांवर पाणी मारून, गाणी लावून, खिडकी उघडून हे टळत नाही. गाडी हाकणाऱ्याला रात्रीचा पहारा देऊ नये, कीर्तनाला जबरदस्तीने बसवू नये. मंडपामागे त्याला अंथरूण घालून द्यावे, आणि उजाडल्यावर, त्याची झोप पुरी झाल्यावरच गाडी काढावी. येत्या सप्ताहाची यादी करताना चालकाचे नाव दिवसाच्या पाळीत लिहावे.