मागेल त्याला काम : वि. स. पागे यांची लोकसेवा आणि आपण



आमदार कशासाठी निवडून द्यायचा, असे पारावर विचारले तर उत्तरे ठरलेली येतात. कुणाला बदली हवी असते, कुणाला मुलाची नोकरी, कुणाचे तहसील कचेरीत काम अडलेले असते. चिठ्ठी देणारा आमदार लोकांना आवडतो, यात नवल नाही. पण एकाचे काम चिठ्ठीने झाले की दुसऱ्यालाही चिठ्ठीच लागते, आणि ज्याची ओळख नाही तो दारातच उभा राहतो. कुणाच्याही चिठ्ठीची गरज पडू नये असा नियम घालून देणे, ही लोकसेवेची याहून वरची पायरी होय. या पाठात आम्ही त्याचेच एक उदाहरण घेतले आहे.

विठ्ठल सखाराम पागे हे १९६० ते १९७८ पर्यंत महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. सभापतीच्या हाती खाते नसते, निधी नसतो. तरीही रोजगार हमी योजनेचे जनक म्हणून महाराष्ट्र त्यांनाच ओळखतो.

१. विचार कसा वाढला

पागे सांगली जिल्ह्यातले. तासगावकडचा त्या काळचा भाग म्हणजे पावसाच्या भरवशावरची शेती. पाऊस गेला की हाताला काम नाही, आणि काम नाही तर चूल नाही. १९६५ च्या सुमारास त्याच तालुक्यात त्यांच्या पुढाकाराने हा प्रयोग लहान प्रमाणावर झाला. मांडणी सरळ होती. गरिबाला दान नको, काम द्या. ते कामही खडी फोडण्यापुरते नको. त्यातून पाणी अडले पाहिजे, जमीन सुधारली पाहिजे.

पुढे १९७२ चा दुष्काळ पडला. वसंतराव नाईक तेव्हा मुख्यमंत्री होते. १९७३ च्या मे महिन्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. काम मागणाऱ्याला काम देता येते, हे त्या दोन वर्षांत साऱ्या राज्याने पाहिले.

२. योजना आणि कायदा यांतला फरक

योजना सरकारच्या मर्जीवर चालते. पैसे संपले, मंत्री बदलला, की ती बंद पडू शकते. कायदा झाला म्हणजे मजुराला हक्काने मागता येते. राज्यघटनेच्या ४१ व्या कलमात कामाच्या हक्काचा उल्लेख आहे, पण तो मार्गदर्शक तत्त्वांत. त्यासाठी कोर्टात जाता येत नाही. महाराष्ट्राने १९७७ चा रोजगार हमी अधिनियम करून ती उणीव राज्यापुरती भरून काढली. २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला.

ग्रामीण भागातील प्रौढ माणसाने अंगमेहनतीचे काम मागितले तर १५ दिवसांत ते द्यावयाचे. न दिल्यास बेकारी भत्ता. मूळ कायद्यात हा भत्ता दिवसाला किमान १ रुपया होता. रक्कम लहान खरी, पण काम न देणारे सरकार त्यामुळे मजुराचे देणे लागू लागले.

३. पैसा कोठून आला

हमी द्यायची तर तिजोरीत भर हवी. पगारदारांवर १९७५ च्या कायद्याने व्यवसाय कर बसला. बागायती जमिनीवर रोजगार हमीसाठी आकारणी झाली. म्हणजे शहराने आणि बागायतदाराने मिळून जिरायती भागाचा भार उचलला. ऊस पिकवणाऱ्या आपल्यासारख्यांचाही त्यात वाटा आहे, हे सभासदांनी अभिमानाने लक्षात ठेवावे.

४. राज्याकडून देशाकडे

संसदेने २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला, त्याआधी महाराष्ट्राचा अनुभव पाव शतकाचा होता. २ फेब्रुवारी २००६ रोजी २०० जिल्ह्यांत अंमल सुरू झाला, आणि २००८ पासून तो सर्व ग्रामीण जिल्ह्यांत पोचला. दर कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांची हमी होती. महाराष्ट्राच्या मूळ हमीला मात्र दिवसांची अशी मर्यादा नव्हती. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने जुन्या केंद्रीय कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात १२५ दिवस आहेत, राज्याच्या खर्चाचा वाटा वाढला आहे, आणि पेरणी-काढणीच्या ऐन दिवसांत एकूण ६० दिवसांपर्यंत कामे थांबवण्याची तरतूद आहे.

५. आपल्या मनातला सल

आता खरे बोलू. "हमीच्या कामामुळे गडी मिळत नाही, मजुरी चढली," ही तक्रार आपल्या बांधावर नेहमी ऐकू येते. तक्रार अगदीच खोटी नाही. लागणीच्या वेळी मजूर न मिळाल्यास नुकसान शेतकऱ्याचेच होते. पण नाणे उलटून पाहा. ऊसतोडीची टोळी मुकादमाकडून उचल घेऊन, पोरेबाळे बैलगाडीत घालून दूरवरून येते, ती हौसेने नव्हे. गावात काम नाही म्हणून येते. तिला गावातच पाझर तलावाचे, नालाबांधाचे काम मिळाले, तर ती आपल्याकडे येताना चार गोष्टी विचारून येईल : मजुरी किती, खोपट कसले, मुलांची शाळा कुठे. आमच्या मते हे प्रश्न त्यांनी विचारावेत आणि आपण त्यांची उत्तरे द्यावीत. दुसऱ्याच्या लाचारीवर आपला हंगाम चालावा, हे सहकाराला शोभत नाही.

कायद्यालाही कीड लागते. खोटी हजेरी, मशिनने उरकलेले आणि मस्टरवर मजुरांच्या नावे दाखवलेले काम, थकलेली मजुरी, हे सारे हक्काची चोरीच आहे. ती पकडायला आमदार लागत नाही. ग्रामसभेत उठून मस्टर वाचून दाखवा म्हणणारा एक सभासद पुरतो.

अभ्यासमंडळात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावात गेल्या वर्षी किती जणांनी लेखी काम मागितले? त्यांना पोच मिळाली का?
२. आपल्या शिवारात पाणी अडवण्याची कोणती कामे हमीतून घेता येतील?
३. लागणीचे आणि हमीच्या कामाचे दिवस एकमेकांवर येऊ नयेत म्हणून ग्रामसभेने काय ठरवावे?
४. पुढच्या वेळी मत मागायला येणाऱ्याला आपण चिठ्ठी मागणार, की नियम?

उत्तरे गटवार लिहून शेती विभागाच्या गट कार्यालयात द्यावीत. निवडक उत्तरे पुढील अंकात छापू.