फिरत्या घरांतील भट्टी

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पुष्कळ कुटुंबें निजण्याची, स्वयंपाकाची व स्नानाची सोय असलेल्या मोठ्या गाड्यांतून प्रवास करितात. थंडीच्या रात्रीं बाहेर पाणी गोठत असतां आंत ऊब ठेवण्याचें काम प्रोपेन वायूवर चालणारी एक लहानशी भट्टी करिते. ती मध्यरात्रीं बंद पडली, तर दोष कसा शोधावा? ती ज्या क्रमानें काम करिते, त्याच क्रमानें.

तो क्रम असा. भिंतीवरील थर्मोस्टॅट थंडी ओळखून सूचना देतो. प्रथम पंखा फिरूं लागतो. त्याच्या वाऱ्यानें शिडासारखी एक पातळ पट्टी ढकलली जाते व विजेची कळ जुळते. वारा पुरेसा आहे, अशी ही साक्ष मिळाल्यावरच वायूची झडप उघडते, ठिणगी पडते आणि ज्योत पेटते. ज्योतीची खूण कांहीं सेकंदांत न मिळाल्यास झडप आपोआप मिटते. ज्योत धातूच्या बंद कोठींत जळते. तिचा धूर नळीवाटे बाहेर जातो, आणि कोठीवरून वाहणारी स्वच्छ हवा तापून खोलींत येते.

आतां परीक्षा करूं. पंखाच फिरत नसेल, तर थर्मोस्टॅट, फ्यूज व बॅटरी हीं पहावीं. पंखा फिरतो पण ठिणगी पडत नाहीं, असें असेल तर बॅटरीचा दाब मोजावा. १२ व्होल्टांची बॅटरी १०.५ व्होल्टांच्या आसपास उतरली, तर पंखा मंदावतो व पट्टी पुरेशी हलत नाहीं. दाब ठीक असल्यास पट्टीवर धूळ व केस साचले आहेत काय, हवेचे मार्ग सामानानें अडले आहेत काय, तें पहावें. ठिणगी पडूनही ज्योत न पेटल्यास चूल पेटवून वायु येतो कीं नाहीं याची खात्री करावी, आणि धुराच्या नळीच्या तोंडाशीं कुंभारमाशीनें मातीचें घर बांधलें आहे काय, हेंही पहावें. मात्र वायूचा वास येत असेल, तर कांहींएक न पेटवितां सर्वांनीं बाहेर पडून टाकीची तोटी बंद करावी.

कित्येक अधीर मनुष्यें त्या कळेचीं दोन्ही टोकें तारेनें जोडून भट्टी पेटवूं पाहतात. विद्यार्थिमित्रहो, हें अत्यंत घातक होय. वाऱ्यावांचून ज्योत जळली तर कोठी अति तापते, आणि तिला चीर पडल्यास धूर आंत शिरूं शकतो. त्यांत असणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिनशीं तो प्राणवायूच्या २०० पटींहून अधिक घट्ट जडतो. झोंपलेल्या मनुष्यास जाग येण्याची संधीही मिळत नाहीं. याकरितां गाडींत त्या वायूची सूचना देणारी घंटा असावी, व ती वाजतांच प्रथम मोकळ्या हवेंत जावें.

सारांश, ती कळ भट्टीस अडवीत नाहीं. ती निजलेल्यांची राखण करिते. पहारेकरी दार उघडीत नसेल, तर त्याचें कारण शोधावें. त्यालाच बांधून ठेवूं नये.