उंच पर्वतावरील 'उशी-वनस्पतीं'ची लागवड

हिमालय, आल्प्स यांसारख्या पर्वतांवर वृक्षांची सीमा संपली की खडकांच्या फटींतून उशीसारख्या घट्ट, बुटक्या वनस्पती दिसू लागतात. सॅक्सिफ्रागा, अँड्रोसेस आणि लडाखमधील थायलॅकोस्पर्मम ही त्यांची उदाहरणे होत. यांतील अनेक जाती सदाहरित आहेत. असंख्य आखूड फांद्या एकमेकींना बिलगून वाढत असल्याने वारा आत शिरत नाही व उन्हात उशीचा अंतर्भाग बाहेरील हवेपेक्षा कित्येक अंशांनी उबदार राहतो. वाळलेली पाने आतच कुजून त्यांचे खत होते.

या वनस्पतींच्या लागवडीत खरा शत्रू थंडी नसून ओल हा आहे. पर्वतावर हिवाळाभर त्या बर्फाच्या पांघरुणाखाली सुरक्षित असतात. सखल प्रदेशात मात्र पावसाचे पाणी उशीत मुरते आणि बुंध्याशी कूज लागते. म्हणूनच ब्रिटनमध्ये त्यांच्यासाठी न तापविलेली, खिडक्या सताड उघड्या ठेवलेली काचघरे वापरतात. काच हवी ती पावसापुरती! लंडनच्या क्यू उद्यानात २००६ साली खुल्या झालेल्या अशा काचघरात तळघरातील काँक्रीटच्या नागमोडी मार्गातून गार झालेली हवा झाडांवर सोडली जाते.

कुंडीत निम्म्याहून अधिक बारीक खडी व भरड वाळू आणि उरलेला भाग माती व पालापाचोळ्याचे कुजलेले खत असे मिश्रण भरावे. बुंध्याभोवती दगडाच्या कपच्यांचा थर द्यावा, म्हणजे पाने ओल्या मातीला टेकत नाहीत. कुंडी वाळूत पुरून पाणी त्या वाळूलाच घालणे इष्ट. उशीवर कधीही ओतू नये. वाळलेली फुले चिमट्याने काढावीत. हे काम कंटाळवाणे खरे, पण टाळल्यास बुरशी तेथूनच शिरते.

कोकणात किंवा घाटमाथ्यावर ही लागवड उघड्यावर साधणे शक्य नाही. तरीही लडाखच्या सहलीवर गेलेल्या विद्यार्थ्यांना आठवण म्हणून एखादी उशी उपटावीशी वाटते. तिची मुळे फटीत खोल गेलेली असतात; ती तुटली की रोप सहसा जगत नाही. वीतभर उशी वाढण्यास अनेक दशके लागलेली असू शकतात. उद्यानांत मात्र सॅक्सिफ्रागाची फुले ओसरल्यावर नखाएवढे पर्णगुच्छ कापून ओलसर वाळूत लावतात. त्यांना मुळे फुटतात आणि एका जोपासलेल्या उशीपासून डझनावारी रोपे मिळतात.