आमरस विकू नका, स्पेसिफिकेशन विका : आंब्याचा पल्प कंपनीला कसा पुरवायचा?



आपल्या एका प्रशिक्षणार्थी ताईंचा फोन आला. कोकणातल्या आहेत, घरची हापूसची बाग आहे. एप्रिलमध्ये त्यांनी एका आइस्क्रीम बनवणाऱ्या कंपनीला पल्पचं सॅम्पल दिलं. पसंत पडलं, ऑर्डर आली. पण माल भरला मे महिन्याच्या शेवटी, वळवाचा पाऊस पडून गेल्यावर. कंपनीने गेटवरच तपासणी केली आणि अख्खा लॉट परत पाठवला. ताई म्हणाल्या, "सर, रस चाखून बघा, काही वाईट नाहीये हो!"

रस खरंच वाईट नव्हता. पण सॅम्पलचा ब्रिक्स होता १८ आणि आलेल्या मालाचा १५. कंपनीच्या दृष्टीने तो वेगळाच माल होता.

आजचा धडा याच फरकाचा आहे. घरगुती गिऱ्हाईक चव विकत घेतं. कारखाना विकत घेतो दर वेळी तोच आकडा.

कारखान्याला आकडा का लागतो?

ब्रिक्स म्हणजे सोप्या भाषेत १०० ग्रॅम रसात विरघळलेले घन पदार्थ किती ग्रॅम, याचा अंदाज. फळाच्या रसात त्यातली बहुतेक साखरच असते. रिफ्रॅक्टोमीटर नावाच्या छोट्या उपकरणावर एक थेंब टाकला की आकडा दिसतो. आइस्क्रीमवाल्याची रेसिपी ठरलेली असते : इतकं दूध, इतकी साखर, इतका पल्प. पल्पमधली साखर कमी झाली की पाण्याचं प्रमाण वाढतं, आइस्क्रीममध्ये बर्फाचे कण लागतात आणि तक्रार त्याच्या ब्रँडवर जाते.

दुसरा आकडा पीएचचा, म्हणजे आंबटपणाचा. ४.६ च्या खाली पीएच असेल तर बोट्युलिझमसारखी जीवघेणी विषबाधा करणारे जंतू वाढू शकत नाहीत. आंब्याचा पल्प साधारणपणे या रेषेच्या खालीच असतो, पण अतिपिकलेल्या फळाचा आंबटपणा उतरतो. म्हणून "साधारणपणे" वर विसंबायचं नाही, प्रत्येक लॉट मोजायचा.

तिसरी गोष्ट सूक्ष्मजीवांची तपासणी : एकूण जंतू, यीस्ट आणि बुरशी. कारखाना इथे अजिबात तडजोड करत नाही.

कायद्याची बाजू

"माझा माल शुद्ध आहे, मला परवाना कशाला?" हा प्रश्न दर बॅचमध्ये येतो. उत्तर ऐका. एफएसएसएआय परवान्याच्या अटींमध्येच लिहिलंय की उत्पादकाने माल फक्त परवाना किंवा नोंदणी असलेल्या पुरवठादाराकडून घ्यायचा आणि त्याची नोंद ठेवायची. म्हणजे तुमच्याकडे नंबर नसेल, तर तुमचा माल घेऊन कंपनी स्वतःचा परवाना धोक्यात घालते. खरेदी अधिकारी तुम्हाला नाही म्हणतो तेव्हा तो उद्धटपणा करत नसतो, नोकरी सांभाळत असतो.

नोंदणी लागेल की परवाना, हे उलाढाल आणि उत्पादन क्षमतेवर ठरतं. अर्ज फॉसकॉस पोर्टलवर ऑनलाइन होतो. मिळालेला १४ अंकी नंबर बिलावर छापणं जानेवारी २०२२ पासून बंधनकारक आहे.

आणखी एक. आंबा कॅल्शियम कार्बाइडने पिकवायला बंदी आहे. आढी घाला किंवा नियमात बसणारी इथिलीन गॅसची रायपनिंग चेंबर वापरा, पण फळ कुठून आलं आणि कसं पिकवलं ते वहीत लिहा. आणि "हापूस" हा शब्द जपून वापरा. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. तोतापुरी मिसळली असेल तर तसं सांगून विका. मिक्स पल्पलाही गिऱ्हाईक आहे, फसवणुकीला नाही.

कोणत्या स्वरूपात विकायचा?

मोठे कारखाने असेप्टिक पल्प घेतात. निर्जंतुक पिशवीत, ड्रममध्ये भरलेला, एका ड्रमला साधारण २०० किलोच्या वर. ती मशिनरी कोटींच्या घरातली. तिथे आंध्रातलं चित्तूर आणि तमिळनाडूतलं कृष्णगिरी यांच्याशी भावात स्पर्धा करायला जाऊ नका.

लहान उद्योजकाला दोन वाटा आहेत. एक, फ्रोझन पल्प : पाश्चराइज करून फूड-ग्रेड पाऊचमध्ये भरायचा आणि उणे १८ अंशांवर ठेवायचा. दोन, डबाबंद पल्प : यात ३.१ किलोचा डबा चालतो. स्वतःचा प्लांट नसेल तर परवानाधारक युनिटकडून जॉब वर्क करून घ्या. पण तुमच्या नावाने विकणार असाल तर तुमचाही परवाना लागेलच. तुमचं गिऱ्हाईक म्हणजे आसपासच्या शहरांतले लहान-मध्यम आइस्क्रीमवाले, आम्रखंड करणाऱ्या डेअऱ्या, मिठाईवाले, बेकऱ्या.

आता पेन घ्या, हिशेब करू

हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही टाका. कॅनिंगचा आंबा ४० रुपये किलो. साल, बाठा, साका निघालेला भाग वजा जाता निम्मा रस मिळाला असं धरू. म्हणजे एक किलो पल्पमध्ये फळच ८० रुपयांचं. प्रक्रिया, पॅकिंग, लॅब, कोल्ड स्टोरेज आणि व्याज मिळून २५ रुपये. खर्च झाला १०५. विक्री १२० ने. किलोमागे सुटले १५.

५ टन विकले तर नफा ७५,००० रुपये. छान वाटतं ना? आता त्यातला एकच टन रिजेक्ट होऊन फेकावा लागला असं धरा. चार टनांवर कमावले ६०,००० आणि एका टनावर घालवले १,०५,०००. वर्षभर राबून ४५,००० चा तोटा! म्हणून सांगतो, या धंद्यात नफा भाव वाढवून कमी आणि रिजेक्शन टाळून जास्त मिळतो.

रिजेक्शन टाळायचं कसं?

१. सॅम्पल हंगामातल्या सर्वोत्तम फळाचं देऊ नका. सरासरी फळाचं द्या. जे वर्षभर देऊ शकता तेच दाखवा.

२. एकच आकडा न लिहिता पट्टा लिहून घ्या. "ब्रिक्स १८" असं नको, "१६ ते १८" असं ठरवा. सोबत पीएच, आंबटपणा, जंतूंची मर्यादा, साखर किंवा प्रिझर्व्हेटिव्ह घातलंय का, पॅकिंग, साठवणुकीचं तापमान आणि वापरण्याची मुदत. यालाच स्पेसिफिकेशन शीट म्हणतात. दोघांच्या सह्या हव्यात.

३. प्रत्येक घाणा पॅक करण्याआधी मोजा. कमी गोडीचा रस जास्त गोडीच्या रसात मिसळून पट्ट्यात आणता येतो, पण पॅकिंगच्या आधी. नंतर नाही.

४. प्रत्येक पाऊचवर बॅच नंबर टाका. तारीख, बाग आणि घाणा त्यावरून कळला पाहिजे. तक्रार आली तर २०० किलो परत येतील, ५ टन नाही.

५. प्रत्येक बॅचचा कंट्रोल सॅम्पल मुदत संपेपर्यंत स्वतःच्या फ्रीजरमध्ये ठेवा. वाद झाला तर तोच तुमचा साक्षीदार.

६. मालासोबत त्या बॅचचा तपासणी अहवाल पाठवा. एनएबीएल मान्यता असलेल्या लॅबचा असेल तर उत्तम.

पैशाचा खेळ

आंबा एप्रिल-मेमध्ये रोखीने घ्यायचा आणि कंपनी माल उचलणार थोडा थोडा, वर्षभर. इथेच बरेच जण अडकतात. उद्यम नोंदणी करा आणि नंबर बिलावर टाका. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे द्यावे लागतात. पण लक्षात ठेवा, हे दिवस माल स्वीकारल्यापासून मोजतात. कोल्ड स्टोरेजमध्ये पडलेल्या मालाला कायदा लागू होत नाही. म्हणून उचल किती आणि कोणत्या महिन्यात, हे ऑर्डरमध्येच लिहून घ्या आणि थोडा ॲडव्हान्स मागा. मागायला लाजू नका.

त्या ताईंचं पुढे काय झालं? परत आलेला पल्प त्यांनी एका मिठाईवाल्याला कमी भावाने दिला. तोटा झाला, पण पूर्ण बुडाल्या नाहीत. मग त्याच कंपनीच्या खरेदी अधिकाऱ्याला भेटून त्यांनी एकच प्रश्न विचारला, "तुम्हाला कमीत कमी किती चालेल?" उत्तर मिळालं, १६. हा प्रश्न एप्रिलमध्ये विचारला असता तर फुकटात काम झालं असतं.

या आठवड्याचं काम : तुमच्या ५० किलोमीटरच्या परिसरात फळांचा पल्प वापरणारे पाच उत्पादक शोधा. विकायला जाऊ नका. फक्त विचारा, "तुम्ही पल्प घेताना काय काय तपासता?" उत्तरं वहीत लिहा. तुमची स्पेसिफिकेशन शीट तिथेच निम्मी तयार होईल.

भेटूया पुढच्या धड्यात. तोवर मोजत राहा!