बातमी पाहताना, बातमी पाठवताना



दहशतवादी हल्ल्याची बातमी आता मोठ्या माणसांपुरती राहत नाही. घरात टीव्ही चालू असतो, मोबाइल वाजत असतो आणि पाचवीतला मुलगाही ते सर्व पाहत असतो. म्हणून या अंकाच्या अभ्यासलेखासाठी आम्ही हा विषय निवडला आहे.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहा दहशतवाद्यांनी मुंबईवर हल्ला केला. छत्रपती शिवाजी टर्मिनस, ताज, ओबेरॉय-ट्रायडंट, नरिमन हाऊस ही नावे घरोघरी पोहोचली. २९ तारखेच्या सकाळपर्यंत चाललेल्या या प्रकारात १६६ जणांचे प्राण गेले. वृत्तवाहिन्यांनी कारवाई थेट दाखवली. नरिमन हाऊसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून कमांडो उतरताना सर्व देशाने पाहिले. पण पाहणारे केवळ आपणच नव्हतो. पाकिस्तानात बसलेले सूत्रधार तीच दृश्ये पाहून आतल्या हल्लेखोरांना फोनवर सूचना देत होते.

कसाब खटल्याच्या २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने याची दखल घेतली. थेट प्रक्षेपणामुळे जवानांची प्राणहानी झाली असे सिद्ध करता येणार नाही, पण कारवाई अवघड व धोक्याची झाली, आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या नावाखाली याचे समर्थन होऊ शकत नाही, असा त्याचा आशय आहे. २०१५ साली केबल टीव्हीच्या नियमांत बदल झाला. दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपण करता येत नाही. नेमलेला अधिकारी वेळोवेळी देईल तेवढीच माहिती दाखवायची असते. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर सरकारने वाहिन्यांना याची पुन्हा आठवण करून दिली.

मग पत्रकारांनी गप्प बसावे काय? मुळीच नाही. त्याच रात्री छायाचित्रकार सेबॅस्टियन डिसूझा यांनी स्टेशनात जीव धोक्यात घालून कसाबचे छायाचित्र घेतले. ते न्यायालयात पुरावा ठरले. छायाचित्र दोषीला ओळखण्यास उपयोगी पडले, थेट प्रक्षेपण सूत्रधारांना उपयोगी पडले. हा फरक नीट ध्यानात घ्यावा.

आता शब्दांकडे वळू. आपल्या धार-देवासची मुले बाहेर हिंदी वर्तमानपत्र वाचतात आणि घरी मराठी बोलतात. हिंदीतला ‘आतंकवादी’ मराठीत ‘दहशतवादी’ होतो आणि ‘अलगाववादी’ हा ‘फुटीरतावादी’. हे दोन शब्द एकाच अर्थाचे नाहीत. वेगळे राज्य किंवा देश मागणारा प्रत्येक जण बंदूक उचलतोच असे नाही. निरपराधांना मारणारा मात्र दहशतवादीच. तसेच ‘आरोपी’ म्हणजे ‘गुन्हेगार’ नव्हे. मालेगावच्या २००६ च्या बॉम्बस्फोटांत प्रथम पकडलेल्यांना २०१६ साली न्यायालयाने आरोपमुक्त केले. मधल्या काळात ज्यांनी त्यांना दहशतवादी म्हणून टाकले, त्यांचे शब्द परत घेता येतात का? आणि एखाद्याच्या गुन्ह्यावरून त्याच्या सर्व समाजाला, किंवा वर्गात शेजारी बसणाऱ्या मित्राला, बोल लावणे हा तर उघड अन्याय आहे.

पालकांना आमची विनंती आहे. आज प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आहे, म्हणजे वाहिनीची जबाबदारीही आपल्याकडे आली आहे. महूची छावणी आपल्यापासून फार लांब नाही. सैन्याच्या गाड्या दिसल्या तर त्यांचे चित्रण करून पाठवू नये. कुटुंबातील कोणी सैन्यात असेल तर त्याचे ठिकाण कोणाला कळवू नये. मृतांची छायाचित्रे पुढे धाडू नयेत. तेही कोणाचे तरी आई-वडील, मुले असतात. लहान मुलांसमोर तीच दृश्ये पुन्हा पुन्हा लावू नयेत. त्यांनी विचारले तर टीव्ही बंद करून, शांतपणे, खरे तेवढे सांगावे.

स्वाध्याय (इयत्ता ८ वी ते १० वी)
१. एकाच घटनेची बातमी एका हिंदी व एका मराठी वर्तमानपत्रातून कापून वहीत चिकटवा. दोन्हींतील वेगळे शब्द अधोरेखित करा.
२. बातमीत ‘कोणी सांगितले’ हे दिले आहे का, ते शोधा.
३. मोबाइलवर आलेला एखादा संदेश पुढे न पाठवता आधी त्याची तारीख व ठिकाण तपासा. काय आढळले ते पाच ओळींत लिहा.

वह्या वर्गशिक्षकांकडे द्याव्यात. आम्ही त्या स्वतः वाचणार आहोत.